मदत हवी आहे: फोनमधलं रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडत नाहीये

पाटावरवंटा: आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्यात. ते ॲप आता उघडलं की लगेच बंद पडतं. जागा व्यापलेली दिसतेय, म्हणजे फाइली आहेत. फाईल मॅनेजरला सगळ्या परवानग्या दिल्या, तरी आत शिरू देत नाही. रविवारच्या आत हव्यात, लवकर सांगा.

बारक्या: फोल्डर कुठलं? अँड्रॉइड कितवं?

पाटावरवंटा: अँड्रॉइड, त्यात डेटा, त्यात ॲपचं नाव.

निवांत_नाना: ॲप काढून पुन्हा टाका. माझं दोनदा असंच ठीक झालं.

बारक्या: नाना, थांबा हो! ॲप काढलं की डेटामधलं त्याचं फोल्डरही पुसलं जातं. पाटावरवंटा, 'क्लिअर डेटा'लाही हात लावू नका. आणि अँड्रॉइड कितवं ते सांगा ना.

पाटावरवंटा: १३. काय फरक पडतो?

बारक्या: फरक तिथेच आहे. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्याच्या त्या फोल्डरात डोकावता येत नाही. परवानग्या दिल्या तरी.

रानवारा: फोन माझ्या पैशाचा, आवाज माझ्या आजीचा, आणि दारात गूगल उभं! सरळ रूट करा, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा आपल्याकडे.

ताककण्या: रूटसाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, उघडला की अख्खा फोन पुसला जातो, हे कोण सांगणार? आणि पूर्वी स्टोरेजची परवानगी मिळाली की साधं टॉर्चचं ॲपसुद्धा सगळे फोटो चाळू शकायचं, ते बरं होतं?

रानवारा: कुलूप लावा की! पण किल्ली घरमालकाकडे नको?

ताककण्या: मालकाला फोनवरून गंडवून किल्ली काढून घेणारेच जास्त आहेत.

सुमाकाकू: व्हॉट्सॲपचं फोल्डर आता अँड्रॉइडच्या मीडियात असतं. तिथे बघितलंत का?

पाटावरवंटा: काकू, व्हॉट्सॲपचा काही संबंध नाही हो.

कोपरखळी: शिझुकू टाका, ते दुसऱ्या ॲपना जास्तीचे अधिकार मिळवून देणारं ॲप आहे. त्यासाठी डेव्हलपर ऑप्शन्स या लपलेल्या सेटिंगमधलं वायरलेस डीबगिंग चालू करा. मात्र काम झालं की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा. माझं बँकेचं ॲप तेवढ्यावरून रुसतं.

बारक्या: एवढा खटाटोप कशाला? आधी केबलने कॉम्प्युटरला जोडा. तिथून बहुतेक फोनांत ते फोल्डर दिसतं.

पाटावरवंटा: नुसतं चार्जिंग होतंय.

बारक्या: नोटिफिकेशनमध्ये 'फाईल ट्रान्सफर' निवडा. तो पर्यायच नसेल तर केबल बदला, काहींत डेटाच्या तारा नसतात.

पाटावरवंटा: निघाल्या! २३ फाइली. दोन वाजत नाहीत, आकार शून्य दाखवतंय.

बारक्या: मग त्यांत काही लिहिलंच गेलं नाही. आजींना पुन्हा म्हणायला सांगा.

सुमाकाकू: ओव्या कुठल्या भागातल्या? आमच्याकडे सासवडच्या आहेत, वहीत लिहिलेल्या.