थंडीतली बागेची सुखं: तुमची सांगा (अनुभव धागा)

पुण्यात आता पहाटे मस्त गारठा पडायला लागलाय आणि आमच्याकडे सकाळी गॅलरीतल्या खुर्चीवर कोण आधी बसणार यावरून चढाओढ सुरू झालीये, म्हणून हा धागा काढतेय. कुंडीत काय खत घालावं, मावा कसा घालवावा यावर आपण वर्षभर बोलतोच, इथे ते नको. थंडीत झाडांमध्ये, किंवा झाडांच्या निमित्ताने घरात बसून, तुम्हाला जे सुख मिळतं तेवढंच लिहा. मोठं काही असायला पाहिजे असं नाही, दोन ओळी पण चालतील.

सुरुवात मीच करते. आमची गॅलरी दक्षिणेकडची. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो त्यामुळे ऊन कठड्यालाच थांबतं, पण मार्गशीर्ष लागला की तो खाली कलतो आणि ऊन गॅलरी ओलांडून थेट हॉलमधल्या दिवाणापर्यंत येतं. त्या उन्हात पाय सोडून मांडीवर ताट घेऊन मटार सोलत बसायचं आणि समोर गुलाब बघायचे. ऑक्टोबरमध्ये छाटलेले गुलाब साधारण दीड महिन्याने फुलायला लागतात, म्हणजे बरोब्बर डिसेंबरात, आणि थंडीतलं फूल उन्हाळ्यातल्यासारखं लगेच पाकळ्या टाकत नाही, निवांत झाडावर टिकतं, रंग पण गडद येतो. मी एकही तोडत नाही. देवाला जास्वंद आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं तिथे जाऊन पॅन्सी, डायंथस, पिटुनिया डोळे भरून बघून येते, पण खरं सांगू का, घरी येऊन आपल्याच कुंडीतला एक टपोरा गुलाब बघताना जास्त बरं वाटतं.

अलिबागजवळून

ताई, आमच्याकडे थंडी म्हणजे वाल. भात कापून झालं की त्याच जमिनीत आतल्या ओलीवर वाल पेरतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही, राहिलेली ओल आणि पहाटेचं दव यावरच पीक येतं. परसात कुंपणाला पण मी वेल चढवतो. जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, कोणाला हवी असतील तर अंडी, बटाटे, मग पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा एक थेंब नाही. वरून पाणी शिंपडलं की चुर्र आवाज आला पाहिजे, मग झाली समजायची. भांबुर्डीला लोक तण म्हणून उपटून टाकतात पण मी पावसाळ्यापासून कुंपणाच्या कडेची झुडपं मुद्दाम राखतो, कारण तो वास त्या पाल्याशिवाय येतच नाही. पोरं मुंबईहून येतात, शेजारचे येतात, सगळे जाळाभोवती आणि शेंगा आपल्याच वेलाच्या. मला वर्षातला हाच दिवस सगळ्यात जास्त आवडतो.

मुंबई, गोरेगाव

आमच्याकडे थंडी म्हणजे जेमतेम स्वेटर काढण्यापुरती. पण तेवढ्यात मी खिडकीच्या ग्रिलमध्ये पसरट ट्रेमध्ये वाळू मिसळून समुद्रमेथी लावते, बोटभर झाली की कात्रीने कापायची आणि लसूण घालून परतायची. एका ट्रेची भाजी चमचा-दोन चमचेच होते. ती वाटीत वेगळी काढून नवऱ्याला आधी देते.

नागपूर

थंडीत सांबार (म्हणजे कोथिंबीर) लावायला मजा येते हो! उन्हाळ्यात आमच्याकडे तो उगवून वर यायच्या आत करपतो, आणि नोव्हेंबर ते जानेवारी कसाही टाका, गालिच्यासारखा येतो. अंगणातल्या एका वाफ्यातून एवढा निघतो की रविवारी सांबारवडीचा घाट घालावाच लागतो. सासूबाई पारीला आतून चिंच-गोडा मसाला लावतात, मी सारण भरते, आणि तळणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. दुसरं सुख संत्र्याचं. आमच्या मागच्या अंगणात एकच झाड आहे, आंबिया बहाराचं, फळं दिवाळीपासून उतरतात. दुपारी बाजेवर बसून उन्हात सोलायची, साली तिथेच वाळत टाकायच्या. मग जानेवारी-फेब्रुवारीत त्याच झाडाला नवा बहर येतो आणि रात्री मागचं दार उघडलं की पांढऱ्या फुलांचा वास घरात शिरतो. म्हणजे फळ संपलं संपलं म्हणेपर्यंत फूल हजर. गुलाब सुंदरच असतात, पण त्या वासाची सर नाही.

शिकागो (मूळ सातारा)

इथे बाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि जमीन दगडासारखी गोठलेली, तरी मी लिहितोय कारण मला इथला हिवाळा बागेसाठीच आवडायला लागला. पारा १० च्या खाली जायच्या आत कढीपत्त्याची कुंडी घरात येते, दक्षिणेच्या खिडकीशी. डिसेंबरात तो पानं गाळून नुसती काडी होतो, नवीन माणसाला वाटेल मेला, पण फेब्रुवारीच्या शेवटी दिवस मोठा झाला की काडीवर पोपटी ठिपके दिसायला लागतात. ऑफिसला जायच्या आधी मी रोज वाकून बघतो. पहिलं पान फुटलं की आईला व्हिडिओ कॉल, ती तिकडून अंगणातला झेंडू दाखवते आणि मी इकडून काडी.

जानेवारीत बियांचे कॅटलॉग पोस्टाने येतात. ते घेऊन रात्री सोफ्यावर बसायचं, पेन्सिलने खुणा करायच्या, टोमॅटोच्या किती जाती, कुठली कधी येते, वाफ्याचा कागदावर नकाशा काढायचा. २०२३ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीच्या झोनचा (कुठल्या भागात किती कडक थंडी पडते त्याचे पट्टे) नवा नकाशा काढला, त्यात जवळजवळ अर्धा देश अर्ध्या झोनने उबदार झालाय. त्याची काळजी वाटतेच, पण तो नकाशा समोर ठेवून आपल्या वाफ्यात काय तगेल याचा विचार करण्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

आणि सगळ्यात लाडकं काम म्हणजे दुधाच्या कॅनमधली पेरणी. प्लास्टिकचा मोठा कॅन मधून आडवा कापायचा, तळाला भोकं, आत चार बोटं माती, त्यात मिल्कवीड आणि कोनफ्लॉवरचं बी, मग वरचा भाग चिकटपट्टीने परत लावायचा, बूच काढून टाकायचं आणि कॅन सरळ बर्फात ठेवून द्यायचा. या बियांना उगवायच्या आधी ओली थंडी मिळाली की त्या चांगल्या उगवतात. बर्फ बुचाच्या भोकातून आत पडतो, वितळतो, पुन्हा गोठतो, आपण काही करायचं नाही. मिल्कवीड लावायचं कारण मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त त्याचीच पानं खातात. खिडकीतून ते कॅन आणि त्यावर कधी येऊन बसणारा लालभडक कार्डिनल दिसला की (हा पक्षी थंडीत कुठे जात नाही, रंग पण बदलत नाही) माझी सकाळ छान जाते. चूक-बरोबर माहीत नाही पण साताऱ्यात असताना मी बियांची एवढी वाट कधी बघितली नव्हती, तिथे टाकलं की उगवायचं.

छत्रपती संभाजीनगर

गच्चीवर हरभरा लावते मी, हो, कुंड्यांमध्ये. आधी शेंडे खुडायचे म्हणजे फुटवे जास्त येतात आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते, उरलेला पाला वाळवून ठेवायचा. खुडताना बोटं आंबट होतात, ती चाटायची. पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं त्याची ती चव. आमची आजी शेतात पहाटे दव असताना हरभऱ्यावर स्वच्छ पांढरं फडकं अंथरायची, भिजलं की भांड्यात पिळून घ्यायची, ती आंब बाटलीत भरून पोटदुखीसाठी ठेवलेली असायची. गच्चीवरच्या कुंड्यांतून आंब काय निघणार, पण पहाटे उठून त्या ओल्या पाल्यावर हात फिरवते तेव्हा तीच आठवते. घाटे भरले की नातवंडं झाडावरूनच सोलून खातात, स्वयंपाकघरात एक दाणा पोचत नाही आणि मला तेच हवं असतं.

निफाड

आमची द्राक्षबाग आहे त्यामुळे थंडी म्हणजे आधी घोर. पारा ४-५ वर आला की मणी तडकायची भीती, मग वडील आणि काका पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या करून धूर करतात, विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात कोमट असतं म्हणून ठिबक पण तेव्हाच सोडतात. लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर जाते. अंधारात धुराचे पट्टे वेलींखालून सरकत असतात, वडील प्रत्येक ओळीत जाऊन घडाला हात लावून बघतात, आई किटलीत चहा घेऊन येते. काळजी असते, तरी घरातले सगळे एकत्र असे वर्षात दुसऱ्या कुठल्याच वेळी नसतात.

रत्नागिरी

मोहर! कोणीच कसं लिहिलं नाही? थंड रात्री सुरू झाल्या की हापूसला मोहर फुटतो आणि दुपारी कलमांखाली उभं राहिलं की माश्यांचा नुसता गुंजारव. आंब्याचं परागीभवन बरंचसं माश्याच करतात, म्हणून आमचे बाबा त्या दिवसांत त्यांना कोणाला हाकलू देत नाहीत. मळभ आलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, तुडतुड्यांची धास्ती असते. पण स्वच्छ, गार सकाळी मोहराखाली खाटेवर पडून वर बघत राहणं, याच्यासारखं दुसरं काही नाही.

अकोले तालुका

मला घरात बसून बी निवडायला आवडतं. रात्री जेवणं झाली की चुलीपाशी सूप घेऊन घेवड्याचं बी ओतायचं, काळं, तांबडं, पांढऱ्यावर जांभळे ठिपके, चट्टेपट्टे, एकेक जात वेगळी करायची, किडकं बाजूला, चांगलं राखेत घोळून मडक्यात. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती अशीच गावरान बियाणं जपल्याबद्दल, तेव्हापासून आमच्याकडच्या बायका बियाण्याबद्दल जरा ताठ मानेनं बोलतात. माझी मुलगी आता बियांचे रंग ओळखते आणि ही कोणाकडून आली ते विचारते, मग मावशीची, आत्याची, माहेरच्या शेजारणीची अशी नावं निघत जातात आणि निवडणं उशिरापर्यंत चालतं.

धागा काढणारी (पुणे)

सगळ्यांचं वाचतेय, पोपटीचं वाचून तर भूकच लागली. अकोल्याच्या ताई, ठिपक्याच्या घेवड्याचं थोडं बी मिळेल का? बदल्यात शेवंती देते. फुलं संपली की बुडातून फुटवे येतात, ते मुळांसकट अलगद वेगळे करून लावायचे, पिवळी आणि तपकिरी अशा दोन्ही आहेत माझ्याकडे, फेब्रुवारीत काढेन. पुण्यातल्या अजून कोणाला हवे असतील तर इथेच लिहून ठेवा, आणि तोपर्यंत ज्यांनी नुसतं वाचलंय त्यांनी आपापलं एक तरी सुख टाका.