ग्रामीण मंडळीतील तरुण संघासाठी अभ्याससाहित्य कसे निवडावे?

प्रश्न : तरुण संघाचा सचिव, यवतमाळ जिल्हा

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. मुले-मुली आठवीपासून पदवीपर्यंतची असून काहींचे शिक्षण सुटले आहे. शहरातील एका मंडळीने दिलेली इंग्रजी पुस्तके आमच्याकडे आहेत. परंतु त्यांतील प्रसंग महानगरातील तरुणांचे आहेत, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी मुले सभेला येऊच शकत नाहीत. खर्चासाठी फारशी रक्कम नाही. कोणते साहित्य घ्यावे, आणि ते योग्य आहे हे कशावरून ओळखावे?

उत्तर : निवृत्त शब्बाथ शाळा शिक्षिका, अचलपूर

भाऊ, कोणतेही पुस्तक घेण्यापूर्वी त्यातील एक पाठ संघातील दहावीच्या मुलीला द्यावा आणि तो वाचून तिला तुमच्या मदतीशिवाय चर्चा चालवता येते का, ते पाहावे. जे साहित्य केवळ पुढाऱ्यालाच कळते, ते तो शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडून गेला की कपाटात पडून राहते.

वेचणीच्या हंगामासाठी मी पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) रूथचे पुस्तक सुचवीन. त्याचे चारच अध्याय असल्याने एखादा आठवडा चुकलेल्या मुलाला मागचा भाग थोडक्यात सांगता येतो. दुष्काळामुळे गाव सोडलेले कुटुंब, घरातील पुरुष गेल्यावर उरलेल्या सासू-सुना आणि परक्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसे, वेचणारी रूथ हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. त्यासोबत लेवीय १९ मधील आज्ञा वाचावी, कारण शेताच्या कडेचे पीक आणि सरवा गरिबांसाठी व परदेशीयांसाठी ठेवण्याचा नियम तेथे आहे. मग आपल्या गावात तो वाटा आज कोणाचा, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.

मात्र ज्या मुलाच्या घरी वडिलांनी आत्महत्या केली असेल, त्याला सर्वांसमोर बोलते करू नये. त्याच्याशी वेगळे बोलावे, आणि गरज वाटल्यास शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. प्रार्थना आणि उपचार यांत विरोध नाही, हे पुढाऱ्यानेच ठामपणे सांगायला हवे.

उत्तर : पाळक, वाशिम जिल्हा

ताईंशी मी सहमत आहे. गीतांसाठी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक पुरेसे आहे. नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजने आपल्या मुलांना खंजेरीवर सहज म्हणता येतात, त्यासाठी कीबोर्डची वाट पाहू नये. ज्यांना वाचन जड जाते, त्यांच्यासाठी मराठी पवित्र शास्त्राचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर मोफत मिळते. नेटवर्क असलेल्या ठिकाणी ते आधीच उतरवून ठेवावे.

एक गोष्ट बहुतेक संघांच्या यादीत नसते. १८ वर्षांखालील मुले असतील, तर पॉक्सो कायदा, २०१२ (बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) याची मराठीतील माहिती पुढाऱ्यांनी वाचलेली असावी. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मंडळीत आपसात मिटवण्याचा मार्ग कायद्यात नाही. सभेला दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात आणि त्यांपैकी एक महिला असावी. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक भिंतीवर लावावा.

प्रश्नकर्ता

पाळकसाहेब, संध्याकाळी महिलांना थांबणे अवघड जाते. उपासनेनंतर लगेच, दुपारीच सभा घेतली तर चालेल का?

पाळक, वाशिम जिल्हा

अवश्य. मुलीही त्या वेळी अधिक येतील.