मदत हवी आहे: कंडेन्सिन हे प्रथिन डीएनएची वेटोळी ओढतं, तर गुणसूत्राचे दोन जुळे धागे (क्रोमॅटिड) एकमेकांत गुंतत का नाहीत?

अकरावीला पेशीविभाजन शिकवतेय. गुणसूत्रं आखूड-जाड होतात हे मुलांना पटतं, पण ती कोण करतं हा प्रश्न आलाच, आणि तो यायलाच हवा.

माझी समज अशी: मानवी पेशीतला सुमारे 2 मीटर डीएनए 46 गुणसूत्रांत आवळायचा असतो. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या नुसत्या हिस्टोन प्रथिनांनी ते भागत नाही. कंडेन्सिन हे कड्यासारखं प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून धाग्याचं वेटोळं ओढत नेतं. 2018 मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली घडताना दिसलं. कंडेन्सिन-2 केंद्रकातच असतं, म्हणून पूर्वावस्थेतच (विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात) कामाला लागतं. कंडेन्सिन-1 केंद्रकावरण विरघळल्यावर आत शिरतं आणि मोठ्या वेटोळ्यांत लहान वेटोळी पाडतं. इथवर शंका नाही.

अडलंय ते पुढे. दोन क्रोमॅटिड म्हणून लाल आणि पांढऱ्या सुतळीला एकत्र पीळ घातला, कंडेन्सिन म्हणून घेतलेल्या सेफ्टी पिनांतून वेटोळी ओढली. तीनदा केलं, तिन्ही वेळा लाल-पांढऱ्याचा गच्च गुंता. टोपोआयसोमरेज-2 हे विकर डीएनएचा एक धागा कापून त्यातून दुसरा पार करतं आणि कापलेला पुन्हा जोडतं, हे माहीत आहे. पण ते गुंता सोडवू शकतं तसा घालूही शकतं ना?

वर्गात प्रोजेक्टर नाही, तास 35 मिनिटांचा, त्यामुळे व्हिडिओ नको. सुतळीवर दाखवता येईल असं उत्तर हवंय. प्रत्येक पिनेने एकाच रंगाची सुतळी ओढायची आणि त्या ताणामुळेच टोपोआयसोमरेजचं काम सोडवण्याच्या दिशेने झुकतं, असं सांगितलं तर ते बरोबर ठरेल का?