जुन्या शेफिल्ड वस्तऱ्यांवर बफ फिरवणे थांबवा

पेठकर
काल एका सदस्याने जुन्या बाजारात मिळालेल्या, इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात बनलेल्या वस्तऱ्याची आधीची आणि नंतरची छायाचित्रे देऊन असे लिहिले, की बफिंग व्हील, म्हणजे पॉलिशचे फिरते चाक, आणि पॉलिशची हिरवी वडी हाताशी असेल तर कितीही गंजलेला वस्तरा अर्ध्या तासात नवा होतो. खाली सर्वांनी वाहवा केली, त्यामुळे मला गप्प बसवले नाही. पहिल्या छायाचित्रात पात्याच्या देठावर, म्हणजे पाते आणि मूठ यांच्यामधल्या भागावर, मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना 'डब्ल्यू' व 'आर' ही अक्षरे स्पष्ट वाचता येत होती, म्हणजे हा वस्तरा इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याच्या कारकिर्दीतला, 1830 ते 1837 मधला असण्याची दाट शक्यता होती; दुसऱ्या छायाचित्रात त्या जागी नुसते गुळगुळीत पोलाद आहे. या पात्यांवर सहसा साल कोरलेले नसते, काळ ठरवायचा तो अशाच खुणांवरून. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' हा एक शब्द असला काय किंवा नसला काय, दोन्हींतून अंदाज बांधता येतो. शिवाय धारेजवळचे पोलाद इतके पातळ असते, की चाकावर ते क्षणात तापते आणि त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो. पात्यावर पिवळट झाक आली, तर तापमान 200 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले असे समजावे. ती धार पुन्हा पूर्वीसारखी टिकत नाही. लाल गंज तेल आणि बारीक वॉटर पेपर घेऊन हाताने काढावा, आणि जुना काळपट रंग तसाच राहू द्यावा.

नाशिककर
छायाचित्रे माझीच होती, म्हणून उत्तर देतो. काळपट रंग राहू द्या, हे सांगणे सोपे आहे, पण त्या काळ्या डागाखाली पुष्कळदा खड्डा असतो. असा खड्डा धारेपर्यंत पोहोचला की दगडावर कितीही वेळ घालवा, तिथली धार तुटत राहते. भिंगाखाली दात दिसतात आणि गालावर ते जाणवतात. तुम्हाला वस्तरा कपाटात ठेवायचा असेल, मला त्याने रोज दाढी करायची आहे. पाते मी उघड्या बोटांनी धरतो आणि कोमट वाटताच पाण्यात बुडवतो, त्यामुळे पाणी उतरण्याचा प्रश्न आला नाही. आणि पोलादाची एवढीच काळजी असेल, तर धार लावताना पाठीवर इन्सुलेशन टेप न लावणाऱ्यांना आधी बोला. मी प्रत्येक पात्याला टेप लावतो.

कऱ्हाडकर
टेपचा विषय काढलाच आहे, तर मलाही लिहिले पाहिजे. आमच्या घरी तीन पिढ्या सलूनचा व्यवसाय होता आणि वस्तऱ्याच्या पाठीला टेप लावलेला आमच्यापैकी कोणी पाहिला नाही. आजोबा निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाण्याचे थेंब टाकत, पाते पाठीसकट सपाट टेकवत, धार पुढे ठेवून टाचेकडून टोकाकडे तिरके ढकलत, आणि दगडाच्या शेवटी पाते पाठीवरच उलटवत. धारेवर ते कधी उलटले नाही. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. पाठ आणि धार दगडावर बरोबर झिजावीत, म्हणजे कोन आयुष्यभर तोच राहतो, अशीच त्या हत्याराची रचना आहे. टेप लावून तुम्ही नुसती धार झिजवता आणि पाठ जाड ठेवता. सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले, ते संसर्गाच्या भीतीने आले आणि त्याला माझा विरोध नाही. पण त्यानंतर निसण्यावरचा हात शिकवणारे उरले नाहीत, आणि आता शिकवतात ते व्हिडिओ पाहून शिकलेले लोक.

सुमेधा_ठाणे
आजोबांबद्दल आदर ठेवून आकडे मांडते. पाठ 4.5 मिलिमीटर आणि पात्याची रुंदी 16 मिलिमीटर धरली, तर धारेचा कोन सुमारे 16 अंश येतो. टेप 0.15 मिलिमीटरचा आहे. दोन्ही बाजू मिळून पाठ 4.8 होते आणि कोन सुमारे 17 अंश. एका अंशाने दाढी बिघडत नाही. उलट, पूर्वीच्या मालकाने पाठ झिजवून टाकलेली असेल, तर गेलेला कोन टेपच परत आणतो. जुन्या इंग्रजी वेज, म्हणजे पाचरीसारख्या पात्यांच्या बाजूंना तर पोकळी जवळजवळ नसतेच. टेपशिवाय त्यांचा सगळा पृष्ठभाग दगडावर घासला जातो, आणि पेठकर ज्या खुणांसाठी भांडत आहेत, तशी पात्यावर कोरलेली खूण असेल, तर ती आधी जाते.

कऱ्हाडकर
कोनमापक घेऊन कोणी दाढी करत नाही. 1000 च्या दगडावर (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) बेव्हल, म्हणजे धारेचा उतार, बसेपर्यंत तुमचा टेप अर्धा झिजलेला असतो, मग 8000 वर नवा लावला की कोन पुन्हा बदलला. त्याचा डिंक 12000 च्या दगडाला चिकटतो तो वेगळाच. हे ज्यांनी हाताने केले आहे, त्यांनाच आकडेवारी ऐकवू नये.

सुमेधा_ठाणे
हाताने मीही करते, आणि स्त्री म्हणून ते गृहीत धरले जात नाही, याचा मला कंटाळा आला आहे. शेवटच्या दगडाआधी टेप बदलला, तर कोन किंचित वाढतो आणि फक्त अगदी कडेची रेघ घासली जाते. पुष्कळ लोक हे मुद्दाम करतात.

पेठकर
मूळ विषय बफचा होता. नाशिककर, धारेपर्यंत पोहोचलेला खड्डा काढावाच लागतो, हे मला मान्य करावे लागते. पण तो 1000 च्या दगडावर धार मागे सरकवून काढता येतो, देठ घासण्याची काय गरज होती? मुठीचेही तेच. सेल्युलॉइड, म्हणजे जुने प्लास्टिक, सडू लागले, की त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी पाते गंजते, तेव्हा ती मूठ बदलावीच. तुम्ही धडधाकट शिंगाची मूठही फेकून दिलीत.

नाशिककर
शिंगाला चीर होती, छायाचित्रात ती दिसत नाही. वस्तरा माझा आहे आणि तो आता दाढी करतो. देठावर बफ नको होता, एवढे मानतो. बाकी काही मानत नाही.

कऱ्हाडकर
सुमेधाताई, तुम्ही स्त्री आहात म्हणून मी बोललो नव्हतो, तरी लागले असेल तर ते वाक्य मागे घेतो. वेज पात्याला टेप लावा, तिथे माझी हरकत नाही. होलो, म्हणजे बाजूंना पोकळी असलेल्या पात्याला, तेही जर्मनीतल्या झोलिंगनच्या, मी लावू देणार नाही.