मदत हवी आहे : वडील दुखतंय म्हणतच नाहीत, वेदना ओळखायची कशी? (आणि मॉर्फिनबद्दल)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. आबा ७४ वर्षांचे. तरुणपणी पहाटे चारला तालमीत जाऊन जोर-बैठका मारणारा माणूस. दीड वर्षापूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आता तो मणक्यात आणि उजव्या खुब्याच्या हाडात उतरलाय.

डॉक्टर विचारतात, "शून्य ते दहात किती दुखतंय?" आबांचं उत्तर ठरलेलं, "तीन धरा की." त्या तिनाच्या हिशेबानं ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल ६५० चालू आहे. आधी डायक्लोफेनॅक होतं, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढल्यावर ते बंद केलं.

रात्री मी त्यांच्या खोलीत झोपते. कूस बदलायची झाली की आबा वाकळेचा कोपरा मुठीत गच्च धरतात, दात आवळतात, श्वास रोखतात. तोंडातून आवाज नाही. कपाळाला हात लावला तर घामानं ओलं. सकाळी विचारलं की, "झोप झाली गं मस्त." आठ दिवसांत तांबड्या रश्श्याला हात लावला नाही. आरशापुढं उभं राहून रोज दाढी करायचे, तेही सोडलंय. हे तीन असेल असं मला वाटत नाही.

एकदा हट्टानं विचारलं तर म्हणाले, "वस्ताद सांगायचे, कळ जिरवायची. आता या वयात कण्हत बसू व्हय?" मला पुढं बोलता आलं नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मॉर्फिनचा, म्हणजे अफूपासूनच्या कडक वेदनाशामकाचा, विषय काढला आणि घरात दोन तट पडले. आत्या म्हणते मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध. भाऊ म्हणतो सवय लागेल. त्यात चार मेडिकल पालथी घातली, कुणाकडेच नाही.

आकडा खरा सांगत नसलेल्या माणसाचं दुखणं डॉक्टरांपुढं मांडायचं कसं? मॉर्फिन सुरू करावं का? आणि ते मिळतं कुठं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. खूप अडलेय.

प्रतिसाद १ (कॅन्सर वॉर्डात बावीस वर्षं परिचारिका)

ताई, आकडा तूर्त बाजूला ठेवा. दुखण्याचे शब्द विचारा. ठणका आहे, कळ येते, की आग होते? मुंग्या, करंट मारल्यासारखं? ठणका बहुतेक हाडाचा असतो. आग, मुंग्या, चमका हे नसेचं लक्षण. नसेच्या दुखण्याला मॉर्फिन एकटं पुरत नाही, प्रेगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी जोडावी लागते. म्हणून हा फरक डॉक्टरांना कळायलाच हवा.

पडून असताना आणि हलताना, असं दोन वेळा वेगवेगळं विचारा. पडल्यावर तीन आणि कूस बदलताना आठ असू शकतं. तुमचे आबा पडल्या जागचं उत्तर देत असतील.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांगता येत नाही, तेव्हा आम्ही श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि धीर दिल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टी पाहून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण देतो. आबांची स्मृती शाबूत आहे, त्यामुळे त्यांचा शब्दच पहिला. पण तुम्ही वाकळ, घाम, दाढी असं जे लिहिलंय ना, तेच वहीत वेळेसकट उतरवा आणि ती वही दाखवा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

प्रतिसाद २ (वेदनाशमन विभागात डॉक्टर)

मॉर्फिन शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवायचं औषध नाही. ते किती दुखतंय यावर ठरतं, किती दिवस उरलेत यावर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली : पॅरासिटामॉल वगैरे, मग ट्रामाडोल-कोडीन, मग मॉर्फिन. आबा दुसऱ्या पायरीवर अडकलेत. मॉर्फिन सुरू झालं की ट्रामाडोल सहसा बंद करतात, ते डॉक्टरांना विचारूनच.

मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखू लागायची वाट पाहायची नाही. पण आबांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे औषध अंगात साठू शकतं. डोस कमी किंवा वेळ लांबवावी लागेल. हे आठवणीनं सांगा. पहिले दोन-तीन दिवस झापड आणि मळमळ येते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. हाक मारून नीट जागे होत नसतील तर पुढची गोळी न देता लगेच फोन करा. भावाला सांगा, वेदनेसाठी नीट देखरेखीखाली दिल्यावर व्यसन लागणं क्वचितच घडतं. शरीराला सवय होते, म्हणून एकदम थांबवायचं नाही, हळूहळू उतरवायचं.

मेडिकलमध्ये न मिळणं स्वाभाविक आहे. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे दुकानदार ठेवत नाहीत. २०१४च्या दुरुस्तीनंतर सरकारमान्य संस्थांना ते ठेवणं सोपं झालंय. कॅन्सर रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह (त्रास आणि वेदना कमी करणाऱ्या उपचारांच्या) कक्षात चौकशी करा. खुब्याच्या ठणक्यासाठी एका बैठकीतली रेडिएशन चालेल का, हेही विचारा. हाडाच्या दुखण्याला चांगला गुण येतो.

आणि एक : पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मणक्यात गाठ दाबत असली तर उशीर परवडत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज आबांना आकडा विचारलाच नाही. "ठणका की आग?" एवढंच विचारलं. बराच वेळ छताकडं बघत होते. मग म्हणाले, "खुब्यात ठणका. आणि तिथनं पोटरीपर्यंत आग उतरतीया, रात्री लई." ही आग त्यांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

दोन्ही पाय उचलून घेतले, उचलतात. लघवीची तक्रार नाही. वहीत कालच्या रात्रीपासून लिहायला घेतलंय : पावणेबारा, अडीच, चार वाजून दहा. उद्या अकराला डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, भाऊही येतोय.