ऑनलाइन थेरपीने अँग्झायटीत खरंच फरक पडतो का? (नागपूर)

रेशीमबागवाली
नमस्कार, पहिल्यांदाच लिहून राहिली आहे इथे, थोडं लांबेल. वय २९, मिहानमधे आयटीत आहे, राहते आईबाबा आणि भावासोबत. दिवाळीनंतर एकदा ऑफिसला जाताना वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर एकदम धडधडायला लागलं, हात गार, घाम, वर मेट्रो खाली रस्ता मधे मी आणि गाडी बाजूला घ्यायलाही जागा नाही, वाटलं आता इथंच पडते. कशीबशी खाली उतरली. मग ईसीजी झाला, इको झाला, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. फिजिशियन म्हणाले पॅनिक अटॅक आहे, सायकियाट्रिस्टला दाखवा. घरी सांगितलं तर आईचं पहिलं वाक्य, "म्हणजे आता पागलखाना चौकात जायचं का?" (मनोरुग्णालय आहे तिथं.) झालं, विषय बंद.
तेव्हापासून पूल सोडला, खालून सिग्नल खात जाते. आता खालच्या रस्त्यावरही भीती वाटून राहिली, मागच्या आठवड्यात तर वर्क फ्रॉम होम मागून घेतलं. ऑनलाइन थेरपीच्या जाहिराती सारख्या दिसतात. व्हिडिओवर बोलून खरंच बरं वाटतं का? की पैसे पाण्यात? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

महालचे काका
काही नाही हो, डोक्यात घेतलं की होते हे. सकाळी अनुलोम विलोम करा, चहा कमी करा, मोबाइल बाजूला ठेवा. आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं.

तर्रीपोहा
काका, तुमच्या वेळीपण होतं, लोकं फक्त "बीपी वाढला" म्हणून पडून राहायचे 😅 (चहा कमी करा हे मात्र बरोबर आहे, कॅफिनने धडधड वाढते.)
ताई, मी केलंय. मलाही पॅनिकच होतं, माझं लिफ्टमधे आणि मल्टिप्लेक्समधे. थेरपिस्ट पुण्याच्या, मी इथे त्रिमूर्तीनगरात, आमची अजून समोरासमोर भेट नाही. मला वाटलं होतं नुसतं बोलायचं, मन मोकळं करायचं, तसं नव्हतंच ते. सीबीटी म्हणतात त्याला, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. आधी लिहायला लावलं की धडधड झाली तेव्हा डोक्यात नेमकं काय आलं, "हार्ट अटॅक येऊन राहिला" हेच दरवेळी. मग एका सेशनला चक्क कॅमेऱ्यासमोर खुर्चीवर गोल गोल फिरायला सांगितलं! नंतर जिना पळत चढून या म्हणाल्या, स्ट्रॉमधून श्वास घ्या म्हणाल्या. म्हणजे धडधड, चक्कर मुद्दाम आणायची आणि काही न करता ती आपोआप उतरताना पाहायची. बायको दारातून पाहून म्हणे, याला खरंच काही झालं वाटते. पण त्यानेच भीती गेली, धडधड आली म्हणजे मरत नाही हे शरीराला कळावं लागते, नुसतं समजावून होत नाही.
तुमचं ते पूल सोडणं आहे ना, तिथंच गोम आहे. सोडला की तेवढ्यापुरतं बरं वाटते आणि भीती पक्की होते. आधी पूल, मग खालचा रस्ता, आता घर. माझं आधी लिफ्ट, मग मॉल, असंच होतं. वर्क फ्रॉम होम लांबवू नका एवढंच सांगतो.

धरमपेठ ताई
मी दुसरी बाजू सांगते. मी एका ॲपवर पॅकेज घेतलं होतं, दरवेळी वेगळी मुलगी, दरवेळी पहिल्यापासून कहाणी सांगा, आणि शेवटी "स्वतःवर प्रेम करा". चॅटवर तर उत्तर कोण देऊन राहिलं की मशीन देऊन राहिलं तेच कळेना. सोडलं. नंतर रामदासपेठेत एका मॅडमकडे प्रत्यक्ष जायला लागली, तिथं फरक पडला.
आणि ज्यांना माणसांचीच भीती असते त्यांना ऑनलाइन म्हणजे लपायला अजून एक जागा, हे माझं मत. घरी बसून, कॅमेरा बंद करून कसली हिंमत येणार?

क्लिनिकवाली
मी याच क्षेत्रात आहे म्हणून थोडं लिहिते, सल्ला म्हणून घेऊ नका, मी तुम्हाला तपासलेलं नाही.
ऑनलाइन चालतं का, तर पॅनिक, सोशल अँग्झायटी, सततची काळजी यांत सीबीटीचं ऑनलाइन काम चांगलं तपासलं गेलंय, थेरपिस्ट सोबत असेल तर निकाल समोरासमोरच्या जवळपास येतात. स्वीडन, ऑस्ट्रेलियात तर सरकारी पैशातून अशी सेवा चालते. मात्र माणूस न ठेवता नुसतं ॲप दिलं की लोकं अर्ध्यातच सोडतात. धरमपेठ ताईंचं जे झालं त्याचा दोष व्हिडिओचा नाही, दरवेळी माणूस बदलला आणि होमवर्क नव्हतं त्याचा आहे. कॅमेरा बंद ठेवायचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, मी ठेवू देत नाही.
तुमच्या केसमधे तर ऑनलाइनचा एक फायदाच आहे, कारण भीती रामदासपेठच्या क्लिनिकमधे नाही, पुलावर आहे. आधी भावाच्या मागे बसून पूल, मग पहाटे रिकाम्या रस्त्याला स्वतः, मग ऑफिसच्या वेळेला, आणि दरवेळी पूल उतरल्यावर गाडी बाजूला लावून थेरपिस्टला कॉल. (चालवताना नाही!!)
कोणाकडे जाता ते मात्र बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर बिनधास्त मागा, खरा माणूस रागावत नाही. तुम्ही सीबीटी करता का, एक्स्पोजर (म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं) करता का, हेही पहिल्याच कॉलला विचारा. गोळ्या लागल्या तर त्या सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर देणार, सायकॉलॉजिस्ट नाही. त्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि झोपेची गोळी मेडिकल स्टोअरमधून कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, सवय लागते.
जीव नकोसा वाटणं, दारूचा आधार, दिवसदिवस झोप नाही, असं काही असेल तर व्हिडिओवर थांबू नका, सरळ ओपीडी गाठा. मेडिकल, मेयो, एम्स या आपल्या तिन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे, पागलखाना चौकात जायलाच पाहिजे असं नाही. (तिथं गेलं म्हणून काही बिघडतही नाही, पण आईंना आत्ता ते सांगू नका 🙂) आणि रात्री-बेरात्री लागलंच तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून सुरू आहे, तरी लोकांना माहीत नाही.

रेशीमबागवाली
खूप खूप थँक्यू सगळ्यांना. काका तुम्हालापण, चहा दोनवर आणते. ते खुर्चीचं वाचून आधी हसली आणि मग घाबरली, खरं सांगते.
एक प्रॉब्लेम आहेच. घर दोन खोल्यांचं, बाबा रिटायर, दिवसभर हॉलमधे. बोलायचं कुठे? आणि ऑफिसला कळेल का?

क्लिनिकवाली
ऑफिसला थेरपिस्ट सांगू शकत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. फक्त कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं कॅलेंडर वापरू नका.

तर्रीपोहा
जागेसाठी गच्चीचा विचार असेल तर मे महिन्यात नको, अँग्झायटीच्या आधी उन्हानेच चक्कर येईल. मी खोलीचं दार लावून कूलर फुल करायचो, बाहेर कोणाला शब्द ऐकू जात नाही. फक्त माइकवाला इअरफोन घ्या, नाहीतर थेरपिस्टला पण कूलरच ऐकू येते.

रेशीमबागवाली
हाहा, कूलर आहे आमच्याकडे, विमानासारखा वाजतो. भाऊ म्हणे तू बोल, मी बाबांना तेवढा वेळ खाली चक्कर मारायला नेतो, त्याला सांगितलं मी आज. तुमच्या पुण्याच्या मॅडमचं नाव मेसेजमधे पाठवता का?

तर्रीपोहा
पाठवलं. संध्याकाळचे स्लॉट लवकर भरतात, सकाळचा मागा.