'वयात येणे', 'हाताशी येणे' आणि निघताना म्हटलेलं 'येते'

प्रश्न : चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी कथासंग्रह तयार करतोय. घर सोडणं, नव्या गावात रुजणं, त्यातून मोठं होणं हे विषय. मलपृष्ठावर 'वयात येण्याच्या कथा' लिहावं का? आणि या वाचकाला कुमार म्हणायचं, किशोर की पौगंड?

उत्तर : 'वयात येण्याच्या' नको, असं माझं ठाम मत. मुलगी वयात आली म्हणजे तिला पाळी आली, एवढाच अर्थ आपल्या घरांतून ऐकू येतो. लातूरहून पुण्याच्या वसतिगृहात आलेल्या मुलीला पहिल्या महिन्यात जे उमगतं, त्याला 'जाणतं होणं' म्हणतात. नेणता-जाणता ही जुनी जोडी आहे, वापरा ती.

वयाच्या शब्दांची गंमत अशी की तेही मोठे झालेत. जुन्या संस्कृत गणनेत कौमार पाच वर्षांपर्यंत, पौगंड दहापर्यंत, कैशोर पंधरापर्यंत. आज पौगंडावस्था म्हटलं की तेरा-चौदाच्या पुढचं वय डोळ्यांसमोर येतं, तेही डॉक्टरांच्या भाषेत. मी 'किशोर' निवडेन. बालभारतीचं त्या नावाचं मासिक १९७१पासून निघतंय, शब्द मुलांच्या ओळखीचा आहे.

पण माझा सगळ्यात आवडता प्रयोग 'हाताशी येणं'. पोरगा हाताशी आला, म्हणजे शेतात, दुकानात मदतीला उभा राहण्याइतका झाला. हे वाक्य आईबापांच्याच तोंडी असतं. 'मी हाताशी आलो' असं कुठलाही मुलगा म्हणत नाही. आणि बहुतेकदा त्याच वर्षी तो बारावी होऊन बॅग भरतो! घर सोडण्याच्या कथेत बापाच्या तोंडी हे एक वाक्य घाला, त्याची बाजू वेगळी सांगावी लागणार नाही.

अकरावीला शहरात जाताना मी एसटीच्या पायरीवरून 'जाते गं' म्हणाले. आई गर्दीतून खिडकीशी आली आणि 'येते म्हण' म्हणाली. गाडी हलेपर्यंत हलली नाही. 'जाते' अशुभ, हे लहानपणापासून माहीत होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की 'येते' हा परत येण्याचा शब्द आहे, दिलेला. म्हणून निरोपाच्या प्रसंगात क्रियापद जपून निवडा. 'येते', 'निघते', 'जाते' या तिघींत बरंच अंतर आहे.

प्रश्नकर्ता : शेवटच्या कथेतली मुलगी वडिलांशी भांडून निघते. मी 'येते' लिहिलं होतं. आता 'जाते' करतो.

उत्तर : तिची आई दारात उभी आहे ना? मग 'निघते' ठेवा.